आपल्या माणसासाठी जाळीदार शाल: दोन सुयांवर पहिल्यांदा जाळी विणणाऱ्यांसाठी

पैठणी आणि हिमरू मागावर विणतात. तिथे ताणा-बाणा एकमेकांना घट्ट धरून असतो, म्हणून कापड ताणलं जात नाही. दोन सुयांवरची शाल वेगळी. ती एकाच धाग्याच्या फासांत फास घालून तयार होते, चहूबाजूंनी ताणली जाते आणि धुऊन ताणून वाळवल्याशिवाय तिचं खरं रूप दिसत नाही. या एका फरकामुळे पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरतात: धागा कोणता, टाके किती सैल, माप कधी घ्यायचं.

इथे दिलेली शाल ४४ सेंमी रुंद आणि १६० सेंमी लांब होते. टाके घालणं, सुलट टाका, उलट टाका आणि टाके बंद करणं एवढं येत असेल तर पुरे. रुंदी दहा-दहा टाक्यांनी आणि लांबी आठ-आठ ओळींनी कमी-जास्त करता येते. ज्यांच्यासाठी विणायची त्यांची खूण घालायला दोन्ही टोकांना जागा ठेवली आहे.

आधी माणूस बघा

लोकर घेण्याआधी शाल कशी पांघरली जाणार आहे ते बघून घ्या. डोक्यावर पदर घेऊन वर शाल घेणाऱ्या आजींना ४४ सेंमी रुंदी अपुरी पडते, त्यांना ५४ सेंमी लागते. स्कूटीवरून कॉलेजला जाणारी मुलगी ती गळ्याभोवती गुंडाळणार, तिला ४४ पुष्कळ. आजोबा दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडणार असतील तर टोकं दिसतात, म्हणजे नक्षी टोकांना हवी. लांबी ठरवायची जुनी रीत सगळ्यात चांगली: दोन्ही हात पसरून एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत, म्हणजे एक वाव. वाव साधारण माणसाच्या उंचीएवढी भरते. शाल गुपचूप विणायची असेल तर उंचीवरून अंदाज घ्या.

हातात काचेच्या बांगड्या भरून असतील, काठाला अणकुचीदार टिकल्या लावलेल्या साड्या रोजच्या असतील, तर मोठ्या भोकांची जाळी अडकते. खालची वीण त्या मानाने बंद आहे, ती चालेल. तान्ह्या बाळासाठी मात्र ही शाल विणू नका. बाळाची बोटं जाळीत अडकतात.

रंग एकच, फिका किंवा मध्यम. गर्द जांभळ्या किंवा काळ्या लोकरीत जाळी दिसत नाही आणि नवख्याला टाकेही दिसत नाहीत. अनेक रंग मिसळलेली लोकर दुकानात मोहात पाडते, पण तिच्यात नक्षी हरवते. आजी नेहमी गडद इरकलीच नेसत असतील तर बदामी, मोतिया किंवा फिका शेवाळी घ्या. गडद साडीवर जाळी उठून दिसेल.

आता खूण. त्या माणसाबद्दलच्या दोनच गोष्टी निवडा, जास्त नको. तुळजापूरच्या भवानीचं घराणं असेल तर कवडी. शेतावर जीव असेल तर ज्वारीचं कणीस किंवा कापसाचं बोंड. त्याला जोडून एक आकडा: जन्मतारीख, लग्नाची तारीख, नातवंडांची संख्या. नक्षीने ओळख सांगायची आणि आकड्याने ती फक्त त्यांचीच करायची, एवढं पुरतं. तुळस, मोर, आंबा, नावाचं अक्षर हे सगळं एकाच शालीत कोंबलं की काहीच धड दिसत नाही. देवनागरी अक्षर जाळीत काढायच्या फंदात सुरुवातीला पडूच नका. शिरोरेषा आणि काना यांच्यामध्ये भोकं मावत नाहीत, अक्षर वाचता येत नाही.

लोकर आणि सुया

धागा बारीक हवा: १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० मीटर, म्हणजे ५० ग्रॅमच्या गुंड्यात २०० मीटर. लेबलवरच्या "प्लाय"वर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळले आहेत ते, जाडी नव्हे. मीटर वाचा. ४४ सेंमी रुंद शालीला सुमारे ५५० मीटर लागतो, हाताशी ६०० मीटर असू द्या, म्हणजे १५० ग्रॅम. सगळे गुंडे एकाच रंगक्रमांकाचे घ्या. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी "लॉट" लिहिलेला असतो, तोही जुळला पाहिजे. लॉट वेगळा असेल तर शालीच्या मध्यावर रंगाची रेघ दिसते आणि ती नंतर कशानेही जात नाही.

शुद्ध लोकर किंवा लोकर जास्त असलेलं मिश्रण जाळीला उत्तम. ओली करून ताणली की वाळल्यावर तशीच राहते. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक दुकानांत ॲक्रिलिकच मिळतं. ते स्वस्त आहे, मऊ आहे, धुवायला सोपं आहे, पण पाण्याने आकार धरत नाही. त्याला वाफ द्यावी लागते, ते पुढे सांगितलं आहे. सुती धागा आपल्या हवेला चांगला, फाल्गुनातही अंगावर घेता येतो. पण सुताला लवचीकपणा नाही, शाल स्वतःच्या वजनाने लांब होत जाते. सुतात विणायची तर लांबी १५ सेंमी कमी विणा. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी आहे. जाड आणि खरखरीत असल्याने ती मानेला टोचते, या कामाला ती घेऊ नका.

सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमी. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत: नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ७ नंबर ४.५ मिमीची, १० नंबर ३.२५ मिमीची. शेजारी ७ नंबरचीही एक जोडी ठेवा. मिळाल्या तर बांबूच्या किंवा लाकडी सुया घ्या. स्टील आणि ॲल्युमिनियमवरून टाका सटकतो, आणि जाळीतला सटकलेला टाका तीन-चार ओळी उसवत जातो.

याशिवाय बोथट टोकाची लोकरीची सुई, क्रोशाची एक बारीक सुई, वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्याचं रीळ, स्टेनलेस टाचण्या ७०-८०, मोजपट्टी, आणि चौकटीची वही. टाचण्या साध्या नकोत, ओल्या लोकरीत त्या रात्रभरात गंजतात आणि डाग निघत नाही.

जाळी होते कशी

जाळीचं सगळं गणित एका ओळीत आहे: जितकी भोकं, तितके टाके कमी करायचे. धागा सुईवरून पुढे घेतला की एक टाका वाढतो आणि भोक पडतं. दोन टाक्यांचा एक केला की एक कमी होतो. ओळीत दोन्ही सारखे असतील तर ओळीच्या शेवटी टाके तेवढेच. ही बेरीज सांभाळली की वहीत हवी ती नक्षी काढता येते.

या लेखात खुणा अशा आहेत:

सु = सुलट टाका.
जा = जाळी. धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणा आणि पुढचा टाका सुलट विणा, धागा आपोआप सुईवर चढतो.
उज = दोन टाके एकत्र सुलट. हा उजवीकडे झुकतो.
डाज = एक टाका सुलट विणायच्या रीतीने न विणता उचला, पुढचा सुलट विणा, उचललेला त्याच्यावरून ओढून सोडा. हा डावीकडे झुकतो.
तिए = तीन टाक्यांचा एक. एक न विणता उचला, पुढचे दोन एकत्र सुलट विणा, उचललेला त्यांच्यावरून सोडा. यात दोन टाके कमी होतात, म्हणून याच्याबरोबर नेहमी दोन जा येतात.

उज आणि डाज यांची अदलाबदल केली तर टाके बरोबरच भरतात, पण नक्षीची कड तुटक दिसते. टाके मोजून चूक सापडत नाही, वीण मात्र बिघडलेली दिसते. अशा वेळी हेच तपासा.

नमुना तुकडा

तो टाळू नका. ३९ टाके घाला. दोन्ही कडांचे ४-४ टाके कायम सुलट, मध्ये ३१. खालच्या कणसाच्या विणीच्या २४ ओळी विणा, सैल हाताने बंद करा, धुवा, ताणून टाचण्या लावा, पूर्ण वाळू द्या. मगच मोजा. मधले ३० टाके १५ सेंमी आणि २४ ओळी ९ सेंमी भरल्या पाहिजेत. १३-१४ सेंमी भरत असतील तर हात घट्ट आहे, ७ नंबरची सुई घ्या. १६च्या वर जात असतील तर ९ नंबर. न धुता मोजलेलं माप खोटं असतं. सुईवरून काढलेली जाळी चुरगळलेली आणि आखूड दिसते, ताणल्यावर पाचव्या हिश्श्यापर्यंत वाढते.

किती टाके घालायचे

नक्षीचा एक घर १० टाक्यांचा, ताणल्यावर ५ सेंमी. दोन्ही कडा मिळून ४ सेंमी. घरांची संख्या गुणिले १०, अधिक १, अधिक कडांचे ८.

८ घरं: ८९ टाके, ४४ सेंमी, ६०० मीटर धागा.
१० घरं: १०९ टाके, ५४ सेंमी, ७५० मीटर.
१२ घरं: १२९ टाके, ६४ सेंमी, ८८० मीटर.

खालचं सगळं ८ घरांचं आहे. घरं वाढवली तरी ओळी त्याच राहतात, चौकोनी कंसातला भाग जास्त वेळा विणायचा एवढंच.

सुरुवात

८९ टाके दोन सुया एकत्र धरून घाला, मग एक सुई ओढून घ्या. असं केल्याने पहिली कड सैल राहते. घट्ट घातलेली कड ताणताना ताणली जात नाही आणि शालीचं टोक आत ओढलेलं राहतं, नंतर त्याला इलाज नाही. मग ८ ओळी पूर्ण सुलट. ही खालची पट्टी.

नवव्या ओळीत खुणेच्या कड्या घाला: ४ टाके, कडी, मग प्रत्येक १० टाक्यांनंतर एक कडी. नववी कडी झाल्यावर ५ टाके उरतील, त्यांतला पहिला घराचा शेवटचा एकटा टाका आणि पुढचे ४ कडेचे. कडी म्हणजे जाड दोऱ्याचं छोटं वळं चालतं. फार मोठी कडी जाळीशेजारी वेगळंच भोक पाडते.

आता नियम: सुलट बाजूच्या सगळ्या ओळी ४ टाके सुलट विणून सुरू करा आणि ४ सुलट विणून संपवा. उलट बाजूची ओळ नेहमी तीच: ४ सुलट, ८१ उलट, ४ सुलट. कडेचे टाके मुद्दाम जरा सैल विणा. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेली कड मधल्या विणीपेक्षा आखूड भरते आणि शालीला दोन्ही बाजूंनी ओढते.

कवडीची पट्टी

विषम ओळी सुलट बाजूच्या. सम ओळी वर सांगितलेल्या उलट बाजूच्या. कंसातलं ८ वेळा, मग १ सुलट.

ओळ १: [सु३, उज, जा, सु१, जा, डाज, सु२]
ओळ ३: [सु२, उज, जा, सु३, जा, डाज, सु१]
ओळ ५: [सु१, उज, जा, सु२, जा, उज, सु१, जा, डाज]
ओळ ७: [सु३, जा, डाज, सु१, उज, जा, सु२]
ओळ ९: [सु४, जा, तिए, जा, सु३]
ओळ ११: सगळे सुलट. ओळ १२ उलट बाजूची.

भोकांचा लंबगोल तयार होतो आणि पाचव्या ओळीतलं मधलं भोक कवडीच्या चिरेच्या जागी बसतं. अशा १२ ओळी तीन वेळा, म्हणजे ३६ ओळी, साधारण १३.५ सेंमी.

कवडीऐवजी बोंड हवं असेल तर फक्त पाचवी ओळ बदला: [सु१, उज, जा, सु२, बोंड, सु२, जा, डाज]. बोंड असं: एकाच टाक्यात सुलट, जा, सुलट, जा, सुलट, असे पाच टाके काढा, अगदी सैल, सुईपासून जवळजवळ एक सेंमी ओढून. पुढच्या उलट ओळीत ते पाचही एकत्र उलट विणा. एस्टोनियातल्या हाप्सालू गावच्या शाली अशाच फुगीर गाठींसाठी प्रसिद्ध आहेत. पाच टाक्यांत सुई शिरत नसेल तर ते घट्ट काढले गेले आहेत. जबरदस्ती केली की धागा फाटतो, तेव्हा क्रोशाच्या सुईने पाचही फासांतून धागा ओढून घ्या. पाचव्या आणि सहाव्या ओळीच्या मध्ये टाके मोजले तर ते जास्त भरणार, प्रत्येक बोंडामागे चार. ती चूक नव्हे. नातवंडं पाच असतील तर आठातल्या पाच घरांतच बोंड घाला, बाकी तीन घरांत कवडी राहू द्या. दोन्हींचं गणित जुळतं.

तारखेची पट्टी

४ ओळी पूर्ण सुलट, १ ओळ सुलट, १ उलट बाजूची, मग भोकांची ओळ, मग १ उलट बाजूची, आणि पुन्हा ४ पूर्ण सुलट. एकूण १२ ओळी, साधारण ४ सेंमी.

एक भोक म्हणजे (जा, उज), त्याला २ टाके लागतात. २३ ऑगस्ट घ्या: २३ भोकं आणि ८ भोकं, ३१ दुणे ६२ टाके. मध्ये १० टाक्यांची मोकळी जागा, झाले ७२. उरले ९, ते एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ५.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. सुलट बाजूने आपण उजवीकडून डावीकडे विणत जातो. डावीकडून वाचताना आधी २३ आणि मग ८ दिसायला हवे असतील तर विणताना आधी ८ विणावे लागतात. म्हणून कडेचे ४ झाल्यावर: सु४, (जा, उज) ८ वेळा, सु१०, (जा, उज) २३ वेळा, सु५. शालीचं दुसरं टोक अंगावर उलटं लोंबतं, म्हणून तिथे क्रम फिरवा: आधी २३, मग ८.

दिवस आणि महिना यांची बेरीज ३५च्या पुढे गेली तर एका ओळीत मावत नाही. मग भोकांची ओळ आणि तिच्या पाठची उलट ओळ दोनदा करा, एकीत दिवस, दुसरीत महिना.

कणसाची वीण: शालीचं अंग

ही जगभर विणली जाणारी जाळी आहे. शेटलंड बेटांवरच्या विणकामात तिला घोड्याच्या नालेची वीण म्हणतात. भोकांच्या रेघा दोन्ही बाजूंनी वर मध्याकडे येतात आणि एकावर एक निमुळती कणसं रचल्यासारखी दिसतात. कंसातलं ८ वेळा, मग १ सुलट.

ओळ १: [सु१, जा, सु३, तिए, सु३, जा]
ओळ ३: [सु२, जा, सु२, तिए, सु२, जा, सु१]
ओळ ५: [सु३, जा, सु१, तिए, सु१, जा, सु२]
ओळ ७: [सु४, जा, तिए, जा, सु३]
सम ओळी उलट बाजूच्या.

आठ ओळींना ३ सेंमी लांबी आणि साधारण १० मीटर धागा. असं ४० वेळा केलं की १२० सेंमी. दर आठ ओळींना वहीत एक रेघ मारा.

पहिल्या ओळीत घराचा शेवट "जा"ने होतो आणि शेजारी कडी असते. तो फास कडीखालून सरकून पुढच्या घरात जातो. मग एका घरात ९ टाके, दुसऱ्यात ११, आणि नवखा माणूस गोंधळून उसवायला घेतो. दोन शेजारच्या घरांची बेरीज २० असेल तर काही बिघडलेलं नाही, फास कडीच्या अलीकडे आणून ठेवा.

मग तारखेची पट्टी, कवडीच्या ३६ ओळी, ८ ओळी सुलट, आणि बंद. दुसऱ्या टोकाला कणसं उलटी लोंबतील. ती दोन्हीकडे उभी हवी असतील तर शाल दोन अर्ध्या विणून मध्ये जोडावी लागते. पहिल्या शालीला हा खटाटोप करू नये. कवडी खाली-वर सारखीच असल्याने टोकांना फरक जाणवत नाही.

अंग कुठे थांबवायचं हे वजनकाट्यावर ठरवा. दुसऱ्या टोकाच्या ५६ ओळींना आणि बंद करायला ७५ मीटरच्या आसपास धागा जातो. २५ ग्रॅम लोकर शिल्लक राहिली की अंग थांबवा, मग कणसं ४० झालेली असोत की ३८.

आधाराचा दोरा

प्रत्येक १६ ओळींनंतर, उलट बाजूची ओळ संपली की, लोकरीच्या सुईत रिळाचा सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून न्या. कड्यांतून नेऊ नका, नाहीतर कड्या तिथेच अडकतील. दोन्ही टोकांना वीतभर दोरा सोडा. पुढे मोठी चूक झाली तर सुई काढा, बिनधास्त उसवा, उसवणं त्या दोऱ्यापाशी येऊन थांबेल आणि टाके सुईवर परत घेता येतील. नवखे लोक हा दोरा कंटाळून सोडून देतात. जाळी साध्या विणीसारखी एकेक टाका मागे घेता येत नाही, म्हणून दहा मिनिटांचा हा दोरा दोन संध्याकाळची मेहनत वाचवतो.

चुका आणि त्यांची कारणं

ओळीत एक टाका कमी भरला तर बहुतेक वेळा "जा" राहिलेला असतो. उलट ओळीत लक्षात आलं तर त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने पुढून उचला आणि उलट विणा. भोक किंचित लहान होईल, ताणल्यावर कळतही नाही. टाका जास्त भरला तर जोडी करायची राहिली आहे किंवा कडेच्या टाक्याभोवती धागा चुकून फिरला आहे. प्रत्येक कडीपाशी १० मोजत जा, चूक कोणत्या घरात आहे ते लगेच कळतं.

तिए करताना उचललेला टाका वरून सोडायचा राहून जातो, विशेषतः बोलता बोलता विणताना. ओळ ७ आणि ओळ ९ सारख्या दिसतात, पण एक कणसाची आहे आणि दुसरी कवडीची. वहीत पट्टीचं नाव लिहून ठेवा.

टाका सुटून खाली गेला तर आधी त्यात टाचणी अडकवा, मग विचार करा. साध्या भागातला टाका क्रोशाने वर आणता येतो. जाळीच्या भागातला असेल तर आधाराच्या दोऱ्यापर्यंत उसवणंच बरं.

नवा गुंडा नेहमी कडेच्या ४ टाक्यांत जोडा, दोन्हीकडे १५ सेंमी धागा सोडून. गाठ मारू नका, जाळीत गाठ लपत नाही आणि ताणताना सुटते. टोकं शाल धुऊन वाळल्यावरच ओवून टाका. आधी ओवली तर ताणताना ती आत ओढली जातात.

बंद करताना ७ नंबरची सुई घ्या. एक टाका सुलट, दुसरा सुलट, दोन्ही डाव्या सुईवर परत द्या, मागच्या बाजूने सुई घालून दोन्ही एकत्र सुलट विणा. पुन्हा एक सुलट, दोन्ही परत द्या, एकत्र. ही कड रबरासारखी ताणली जाते. नेहमीची रीत इथे फार घट्ट होते.

सगळ्या मिळून ४३२ ओळी, ३८ हजारांवर टाके. नवा हात जाळीत मिनिटाला दहा टाके विणतो. रोज तास-सव्वा तास बसलं तर पोळ्याला घातलेले टाके दिवाळीपर्यंत उतरतात, आणि मार्गशीर्षाची थंडी पडायच्या आत शाल हातात असते.

धुणं आणि ताणणं

मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. अशा पाण्यात साबणाची साय बनते, ती लोकरीत बसते आणि लोकर चिकट, राठ लागते. साबणाऐवजी रिठा वापरा: चार-पाच रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून, पाणी गाळून घ्या. त्याची साय धरत नाही. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. पाणी थंडच असावं. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते, मग जाळी उघडत नाही.

अर्धा तास भिजवा. पिळू नका. दोन्ही हातांवर तोलून उचला, टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा आणि वरून दाबा. मग गादीवर किंवा दुमडलेल्या सतरंजीवर स्वच्छ चादर घालून शाल पसरा. आधी चार कोपरे ४४ बाय १६० मापाला लावा, मग मधले बिंदू, मग दर ५-६ सेंमीला टाचणी. टाचण्या विरळ लावल्या तर कडेला कंगोरे पडतात. लांब कडांतून स्टेनलेसचे सायकलचे स्पोक एकापुढे एक ओवले तर कड सरळ येते आणि टाचण्या निम्म्या लागतात. पंख्याखाली, सावलीत वाळवा. कोरड्या हवेत शाल दिवसभरात वाळते, पण रात्रभर तशीच राहू द्या. ओलसर असताना काढली तर पुन्हा आकसते. आपलं ऊन रंग उडवतं, गच्चीवर टाकू नका.

ॲक्रिलिक असेल तर ती कोरडीच टाचण्यांनी ताणा, वर ओलं सुती फडकं घाला आणि वाफेची इस्त्री फडक्याच्या दोन सेंमी वर धरून फिरवा. इस्त्री टेकली की धागा चपटा आणि लिबलिबीत होतो, आणि ते परत फिरत नाही. आधी नमुना तुकड्यावर करून बघा.

ठेवणं

संक्रांतीनंतर शाल कपाटात जाते. ठेवण्याआधी धुवा. कसर घामाच्या आणि तेलाच्या वासावर येते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो खडखडीत वाळलेला आणि मलमलीच्या पुरचुंडीत असावा, ओल्या पाल्याचे डाग पडतात. तो एकटा पुरत नाही, पावसाळ्यानंतर शाल काढून झटका आणि वारा द्या. हँगरला टांगू नका, लांब होते. घडी घाला, आणि दरवेळी वेगळ्या ठिकाणी.

बांगडीला अडकून एखादा फास बाहेर आला तर तो कापायचा नाही. बोथट सुईने शेजारच्या टाक्यांत थोडा थोडा धागा सरकवत न्या, पाच-सहा टाक्यांत तो जिरतो. धागा तुटलाच तर दुरुस्तीला त्याच लॉटची लोकर लागते. म्हणून शाल देताना सोबत चार-पाच मीटर धागा, आणि वहीतलं पान, ज्यावर घरांची संख्या, सुईचा नंबर, तारखेची ओळ आणि लोकरीचं लेबल आहे, एका पाकिटात घालून द्या.